त्या दिवसाचा कागद

वरची मोटार बंद पडली, त्यावरून मला कळलं की ते गेले.

भाद्रपदातली दुपार होती. मी खाली वाचत बसलो होतो. चौदा वर्षं डोक्यावर सतत असलेला तो आवाज थांबला आणि आपलंच घर अनोळखी वाटायला लागलं. आवाज फार मोठा नव्हता. दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी, तशी संथ घरघर. पाहुणे विचारायचे, "वर काय चाललंय?" आणि आम्ही म्हणायचो, "कुठे काय?" इतका तो कानाच्या सवयीचा झाला होता. ताई मात्र तो कधी विसरत नसे. म्हणायची, "अरे, वरचं घर माझ्याबरोबर श्वास घेतं. मी अडखळते, ते अडखळत नाही, एवढाच फरक."

डोंबिवली पूर्वेला, कंपन्यांच्या बाजूला, त्यांचं ते लहानसं दुमजली घर. खाली आम्ही दोघं भाडेकरू, मी आणि माझी मोठी बहीण. दोघांचीही लग्नं झाली नाहीत, त्याबद्दल दोघांनाही फारसं काही वाटलं नाही. मी ठाण्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ताई शाळेतून निवृत्त झालेली, आणि तिला जुना दमा. वर ते एकटे. गल्ली त्यांना 'हवावाले काका' म्हणायची. ते मला 'ग्रंथपाल' म्हणत आणि ताईला 'बाई'.

नोकरीत असताना त्यांचं काम एकच होतं, हवा मोजायच्या मशीनचा कागद बदलणं. सरकारी इमारतींच्या गच्च्यांवर अशी मशीनं असत. मोटार हवा आत ओढते, ती एका पांढऱ्या कागदातून जाते, आणि चोवीस तासांत हवेतलं जे काही आहे ते त्या कागदावर बसतं. मग कागद काढायचा, पाकिटात घालायचा, प्रयोगशाळेत द्यायचा. तिथे दुसरं कुणी तो तोलून आकडा काढी. "आकडा माझा नाही," ते म्हणायचे. "कागद माझा." निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने मोडीत काढलेलं एक मशीन आणि उरलेल्या कागदांच्या पेट्या ते घरी घेऊन आले. मशीन दुरुस्त करून आपल्या गॅलरीत, बरोबर आमच्या खिडकीच्या वर बसवलं. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता मोटार दोन मिनिटं थांबायची, वर पावलं वाजायची, आणि मोटार पुन्हा सुरू व्हायची.

त्या दोन मिनिटांत ताई नेहमी श्वास रोखून बसायची. गंमत म्हणून असेल. मी कधी विचारलं नाही.

कागदाला ते कधी हात लावत नसत. बोटांचं तेल लागलं तरी वजन वाढतं म्हणून एक चपटा चिमटा होता, तो सदऱ्याच्या खिशात पेनासारखा अडकवलेला असे. घरी वजनकाटा नव्हता, तोलायचं काहीच नव्हतं, तरी चिमटा सुटला नाही. नव्या पेटीचं सील फोडलं की आधी पेटीतल्या सगळ्या कागदांच्या कोपऱ्यावर क्रमांक उमटवायचे. त्यासाठी त्यांच्याकडे हातानं दाबायचं क्रमांकयंत्र होतं, अगदी आमच्या वाचनालयात पुस्तकांवर दाखल-अंक मारायला असतं तसं. पुढे रोज एक कागद, क्रमाने. काढलेल्या कागदावर पेन्सिलीने तारीख लिहायची, पाकिटात घालायचा, पाकीट कपाटात त्याच्या क्रमांकाच्या जागी. ते कपाट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माझ्याच जातकुळीचा माणूस आहे. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांना त्याची नोंदवही आखून दिली.

काढलेला कागद ते नाकाशी धरत, डोळे मिटत, आणि सांगत. "वारा दिवा गावाकडून. कचरा पेटलाय." "रात्री कंपन्यांनी सोडलंय काहीतरी, गोडसर." "डांबर." "फटाके, पण लग्नातले." मग जिन्यात दोन पायऱ्या उतरून ओरडायचे, "ग्रंथपाल, खिडकी!" म्हणजे खिडकी लावा, बाईंना आज बाहेर पाठवू नका. आणि कागद बरा असला तर, "ग्रंथपाल, उघडा!" असं ओरडून ते परत वर जात. बाकी काही बोलणं नाही. चौदा वर्षांत आमचं सगळ्यात जास्त बोलणं या दोन शब्दांत झालं असेल.

गल्लीच्या तोंडाशी पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनी त्यांची यथेच्छ टिंगल करायच्या. ते भाजी न्यायला गेले की गिऱ्हाइकांसमोर, "काका, आजची हवा व्हेज की नॉनव्हेज?" ते शांतपणे म्हणायचे, "आज तुमच्या फोडणीची." सगळे हसायचे.

या वहिनींचे सासरे गेले, त्यानंतर पंधराएक दिवसांनी मी कॉलेजातून आलो तर त्या आमच्या जिन्यात उभ्या होत्या. पदर डोक्यावर घेतलेला, तसा त्या एरवी कधी घेत नसत. "दादा, वर येता का माझ्याबरोबर? एकटीला कसंतरी वाटतं." मी गेलो. त्या दारातच थांबून हळू म्हणाल्या, "काका, आमच्या अण्णांचा दिवस बघायचा होता."

काहीच न विचारता ते कपाटाशी गेले. पाकीट काढलं, चिमट्याने कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. करड्या रंगाची एक चकती, कडेला पांढरी राहिलेली. वहिनींनी बराच वेळ पाहिलं. हात लावायला गेल्या तेव्हा काकांनी मान हलवली. वहिनींनी मग दुरूनच नमस्कार केला.

"ह्यात अण्णा आहेत?" त्यांनी विचारलं.

"अण्णांनी घेतली ती हवा आहे. सोडलेलीही असेल थोडी."

मी त्यांना नंतर विचारलं, हे काय चालवलंय तुम्ही? ते म्हणाले, "मी चालवलेलं नाही. लोक येतात." तेव्हा कळलं की वहिनी पहिल्या नव्हत्या. समोर हसणारी किती घरं मागून एकेक जण येऊन आपल्या माणसाचा दिवस बघून गेली होती. कुणी रडत नसे म्हणे. नुसतं बघत. मग खाली उतरून पुन्हा 'हवावाले' म्हणून हसायला मोकळे. कागद त्यांनी कधी कुणाला दिला नाही. मला ते सगळं आवडलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी मोटारीची घरघर मला पहिल्यांदा माणसाच्या घशातून आल्यासारखी वाटली.

पुढे पालिकेने चौकात बोर्ड लावला. लाल-हिरव्या दिव्यांचा, मोठा. हवेचा आकडा आणि खाली एक शब्द, 'समाधानकारक', 'मध्यम', 'वाईट'. मशीन जवळच्या शाळेच्या गच्चीवर होतं. त्याच सुमारास रस्त्यावर पाण्याचं धुकं उडवणारी गाडी फिरायला लागली. तिला लोक 'तोफ' म्हणायचे. ती शाळेवरून गेली की कुणीतरी म्हणायचंच, "बोर्डाची आंघोळ झाली बघा, आता हिरवा होईल." रिक्षावाले गिऱ्हाइकांना सांगायचे, हिरवा असला की खोकायचं नाही, केस होईल. मीही हसायचो. शिकलेला माणूस अविश्वास जरा जास्तच चांगल्या शब्दांत मांडतो.

एकटी ताई हसत नसे. "अरे, कुणीतरी मोजतंय ना? चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही माझ्या छातीला. मुलांच्या वह्या तपासणारे सगळेच काय डोळे मिटून सह्या करत नाहीत." ती रोज चौकापर्यंत जाऊन बोर्ड वाचून यायची.

बोर्डाचं काम बघणाऱ्या खात्यातली एक तरुण इंजिनीयर कल्याणच्या ऑफिसातून एकदा काकांना शोधत आली. वर जाऊन पाच मिनिटांत खाली परतली, चेहरा उतरलेला. ताईने तिला हाक मारून बसवलं, चहा दिला. शहराच्या हवेचा आराखडा करताहेत, मागच्या वर्षांचं त्यांच्याकडे या भागाचं काही नाही, काकांचे कागद मिळाले तर तपासता येतील, असं ती सांगत होती. एवढ्यात ते स्वतःच जिना उतरून दारात आले.

"मॅडम, तुमच्या बोर्डाला माझी साक्ष हवीय होय?"

"काका, बोर्ड खोटं बोलत नाही. गाडी पूर्ण रस्त्यावर फिरते, शाळेपुरती नाही. पण लोकांनी आधीच ठरवलंय. तुमचं ऐकतील."

"मशीन खोटं बोलत नाही, ते मला कोण सांगतंय! मशीन आणि बोर्ड यांच्यामध्ये माणसं किती आहेत ते सांगा."

"दोन," ती म्हणाली. "त्यातली एक मी."

ताई म्हणाली, "द्या की हो कागद. नाहीतर त्यांचं लोणचं घालणार आहात का?" ते म्हणाले, "मी आहे तोवर नाही." आणि वर गेले. चार वाजायला आले होते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं, ते लिहितो.

त्या वर्षी मार्गशीर्षात एकदा वरून करपल्याचा इतका उग्र वास आला की मी धावत गेलो. स्वयंपाकघरात धूर कोंडलेला. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं, आणि ते तिथेच, हाताच्या अंतरावर, स्टुलावर बसून पेन्सिलीला टोक करत होते. मी गॅस बंद केला. "अहो, वास नाही आला?" ते पातेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लक्ष नव्हतं." मी खिडक्या उघडून खाली आलो. त्या दिवशी चार वाजता ते ओरडले, "ग्रंथपाल, उघडा!" आणि मी उघडली. मी एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात असं मला वाटलं नाही.

महिन्याभराने संक्रांतीचे दिवस. ताईच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे हळदीकुंकू होतं, पाच-सहा गल्ल्या पलीकडे. ताई सकाळी चौकात जाऊन आली ती तोंडावर पदर धरूनच. "बोर्ड लाल आहे रे. 'अतिशय वाईट' लिहिलंय. मी काही जात नाही आज."

मला वाईट वाटलं. त्या मुलीने तिच्यासाठी तिळगूळ-हलवा राखून ठेवला होता, दोनदा फोन केला होता. मी म्हटलं, "तो बोर्ड काय ऐकतेस? थांब, काकांना विचारू." चार वाजता मोटार थांबली. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. त्यांनी कागद नाकाशी धरलेला मला खालून दिसत होता. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"बाईंना जायचंय का?" त्यांनी विचारलं.

"हो, मनात आहे तिच्या."

"मग उघडा. बरी आहे आज."

ताईने आणखी एकदा म्हटलं, "पण बोर्डावर…" मी म्हटलं, "अगं, सरकारी लाल तो. उद्या तोफ फिरली की हिरवा. जा तू." तिने नेहमीप्रमाणे निलगिरीची वाफ घेतली, काळी चंद्रकळा नेसली आणि गेली. परत आली ती रिक्षाने, दोन बायकांनी धरून. आल्यावर म्हणाली, "खिडकी उघड." मी आणखी उघडली. तिने पुन्हा वाफ घ्यायला घेतली. पातेल्यावर वाकलेली, डोक्यावर पंचा, आणि त्यातून येणारी ती श्वासाची शीळ. वाफ खिडकीतून वर जात होती. वर मोटार एका लयीत चालू होती. मी रिक्षा आणायला धावलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये ती गेली.

तेरावा झाल्यावर मी वर गेलो. इतरांसारखाच. दारात उभं राहून म्हटलं, "ताईचा दिवस बघायचा होता."

ते उठले. कपाटाशी गेले, पाकीट घेतलं, आणि ते न उघडता आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. आतून काहीच आवाज नव्हता. मग आले, चिमट्यात कागद धरून. खिडकीशी धरला.

पांढरा होता. स्वच्छ, दुधासारखा. कोपऱ्यात पेन्सिलीने ती तारीख.

"बघा," ते म्हणाले. "बरी होती हवा. दुखणंच तसं होतं बाईंचं."

मी बघत होतो ते तारखेच्या वर. नोंदवही माझ्या हातची. रोज एक कागद, त्यामुळे आदल्या दिवशीचा कागद कितवा होता ते मला ठाऊक होतं, आणि हा क्रमांक त्याच्या पुढचा नव्हता. तो कितीतरी पुढचा होता, पेटीच्या पार तळाचा, जिथे पोचायला अजून तीन महिने होते. त्यांनी मला देण्यासाठी तळातून कोरा कागद काढला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घेणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात एक खोटा कागद केला, तो माझ्यासाठी. आणि त्यावरही आधीच उमटलेला क्रमांक होता, कारण बिनक्रमांकाचा कागद त्यांच्या घरात नव्हताच.

मी म्हटलं, "हो. स्वच्छ आहे."

"ठेवा तुम्ही हा," ते म्हणाले. कुणालाच न दिलेला कागद त्यांनी मला दिला.

त्यानंतर ते कधी जिन्यातून ओरडले नाहीत. चार वाजता मोटार थांबायची, पावलं वाजायची, मी खाली वाट बघायचो, आणि मोटार सुरू व्हायची. खिडकी लावायची की उघडायची ते कुणी सांगत नव्हतं. त्या दोन मिनिटांच्या शांततेत मी श्वास रोखून बसायला लागलो होतो. ताई का रोखायची ते कळलं. तेवढा वेळ वरचा श्वास आणि आपला असा काही फरक राहत नाही. एकदा खोलीत तिच्या श्वासाची ती शीळ ऐकू आली. मी मान वर केली नाही.

असे सात-आठ महिने. मग ती भाद्रपदातली दुपार. मी वर गेलो तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर होते, मशीनचं झाकण उघडं, चिमटा बोटांत. ठाण्याचा पुतण्या आला, सगळं नीट केलं त्याने. कपाट उघडून बघितलं आणि म्हणाला, "ही रद्दी तुम्हीच बघा, सर."

इंजिनीयर मुलगी पुन्हा आली, निरोप न देता, नुसती भेटायला. मीच म्हटलं, "घेऊन जा. सगळे. ते आहेत तोवर नाही, म्हणाले होते." तिने गाडी दुसऱ्या दिवशी पाठवते म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी मी नोंदवही घेऊन कपाटासमोर बसलो.

चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक शोधायचं असेल तर आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. त्याच्या जागी जे येऊन बसलंय, त्याची मूळ जागा बघायची. बहुतेक वेळा अदलाबदल झालेली असते. ताईच्या तारखेच्या जागी पाकीट रिकामं होतं. मग मी माझ्याकडच्या पांढऱ्या कागदाच्या क्रमांकाची जागा काढली. तिथे पाकीट होतं, आणि त्यात कागद होता. क्रमात भोक ठेवणं त्यांना जमलं नव्हतं.

चिमट्याने बाहेर काढला. काळा होता. करडा नाही, काळा, तव्याच्या पाठीसारखा. क्रमांक बरोबर. तारीख बरोबर. डोळ्यांना तरी दिसलं असणारच त्यांना, त्या दिवशी चार वाजता नाही तरी दुसऱ्या दिवशी, हा काढताना. तोवर ताई गेलेली होती.

मी तो नाकाशी धरला. आधी धूर, मग कंपन्यांचा तो गोडसर वास. आणि सगळ्याच्या खाली, अगदी पातळ, पण शंका राहू नये इतका, निलगिरीचा.

घरात घरघर नव्हती. श्वासाचा आवाज एकच होता, तो माझा असणार.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. मुलगी स्वतः यादी करत होती. मी तो काळा कागद त्याच्या खऱ्या पाकिटात घालून शेवटी तिच्यापुढे ठेवला. "हा तपासून परत मिळेल का?"

"नाही, सर. तुकडे करावे लागतात. विरघळवतात." तिने तारीख वाचली. ताईचा दिवस तिला ठाऊक होता. "सर, हा हवा तर राहू दे. यादीत एक कमी चालेल."

एक कमी चालेल. वरच्या माणसालाही तसंच वाटलं असेल, आतल्या खोलीत.

"नको," मी म्हटलं. "त्या दिवशी तुमचा बोर्ड लाल होता. बरोबर होता. ताईने वाचला होता, मी तिला जा म्हटलं. हे तुमच्या वहीत कुठे लिहायची सोय असेल तर लिहा."

तिने यादीत त्या तारखेपुढे ते लिहिलं. मग म्हणाली, "बरोबर होता, असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं, सर." आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

गाडी गेल्यावर मी वर गेलो. मशीन अजून तिथेच होतं. चार वाजले होते. खिशातून त्यांचा चिमटा काढला, त्यांनी दिलेला तो दुधासारखा कागद चौकटीत बसवला, झाकण लावलं आणि मोटार सुरू केली. मग खाली येऊन ताईची खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काढला. पेन्सिलीने लिहिलेल्या तिच्या तारखेभोवती तो करडा झाला होता.